ड्राय बाल्कनीतलं यंत्र

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून चार-पाच फुटांची एक जागा असते, तिला ड्राय बाल्कनी म्हणतात. भांडी तिथे घासायची, केरसुणी-बादल्या तिथे ठेवायच्या, पावसाळ्यात कपडेही तिथेच वाळत घालायचे. त्याच कोपऱ्यात वॉशिंग मशीन उभं असतं. आषाढात तिरपा पाऊस आला की त्याची पाठ भिजते, उन्हाळ्यात पाइप कडक होतात, ग्रिलमधून कबुतरं येतात आणि उघड्या तळातून उंदीर. रोज तासभर राबणाऱ्या या यंत्राची मागची बाजू घरातल्या कुणी पाहिलेली नसते. बंद पडलं की मगच ते भिंतीपासून ओढून काढतात.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीआधीचं रंगकाम आटोपलं आणि आमचं मशीन पाणी भरायला लागलं ते थांबेचना. अर्धा तास नळ चालू, आत पाणी मात्र टबाच्या तळाशीच. पहिल्यांदा आलेल्या तंत्रज्ञानं मशीन जागचं न हलवता सांगितलं, बोर्ड गेलाय, सात हजार. दुसऱ्या दिवशी धनकवडीहून एक मेकॅनिक काका आले. पिशवी खाली ठेवून त्यांनी आधी एवढंच विचारलं, "ताई, मशीन हलवलं होतं का?" रंगवाल्यांनी हलवलं होतं. काका वाकले. ड्रेनचा पाइप मोरीच्या जाळीवर, जमिनीला टेकून पडला होता. तो उचलून त्यांनी नळाच्या उंचीला सुतळीनं बांधला. मशीन भरलं, भरून थांबलं आणि फिरायला लागलं.

पंपानं पाणी बाहेर टाकणाऱ्या मशीनचा पाइप साधारण कमरेच्या उंचीपर्यंत वर न्यायचा आणि मग खाली सोडायचा, असा नियम आहे. तो जमिनीवरच पडून राहिला तर आलेलं पाणी सायफननं आपोआप निघून जातं. पाण्याची पातळी मोजायला मशीनमध्ये एक बारीक नळी असते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि तो दाब वरच्या प्रेशर स्विचला कळतो. पाणी चढलंच नाही तर दाब येणार कुठून? मशीन इमानदारीनं पाणी मागत राहतं. म्हणजे आमचा बोर्ड ठणठणीत होता, चूक पाइपाची होती. त्या दिवसापासून मी या कारागिरीकडे लक्ष देऊन पाहायला लागले, आणि माझं ठाम मत झालं आहे की दुरुस्तीतलं निम्मं कौशल्य योग्य क्रमानं शोधण्यात आहे. काकांचा क्रम ठरलेला असतो: पाणी येतंय का, पाणी जातंय का, वीज नीट आहे का, आणि हे तिन्ही पाहून झाल्यावर स्क्रूड्रायव्हर.

पाणी येण्याचंच घ्या. बऱ्याच मशीनांना नळाला किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवं. दहा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्यांना याची चिंता नसते. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र गच्चीवरची टाकी नळाच्या जेमतेम डोक्यावर असते. धार दिसायला बरी दिसते, पण व्हॉल्व्ह उघडूनही मशीन वेळेत भरत नाही आणि पडद्यावर पाणी मिळत नसल्याचा कोड येतो. एलजीच्या मशीनवर तो आयई असतो, पाणी बाहेर जात नसेल तर ओई, वजन एका बाजूला गेलं असेल तर यूई. कोड वाचून घाबरायचं कारण नाही. इनलेट पाइप काढला की आत बोटाच्या पेरावर मावेल अशी जाळी दिसते, तिच्यात टाकीतला गाळ आणि गंजाचे कण बसलेले असतात. जुन्या टूथब्रशनं ती साफ करायची. एवढ्यावर काम झालं तर उत्तम, नाहीतर वरच्या मजल्यावर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो.

पाण्याच्या जातीचाही प्रश्न आहेच. खडकवासल्याच्या साखळीतून येणारं धरणाचं पाणी तसं मृदू. पण वाघोली, उंड्री, वाकडकडच्या कितीतरी सोसायट्या वर्षातले बरेच महिने बोअर आणि टँकरवर काढतात, आणि ते पाणी जड. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा योग्य मानला आहे, दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत. जड पाण्यात फेस कमी होतो, म्हणून माणूस पावडर वाढवतो. ती पुरती विरघळत नाही आणि टबाच्या मागच्या भिंतीवर क्षारांसकट राखाडी लगदा होऊन बसते. फ्रंट लोडच्या हीटरवर पांढरी साल चढते, मग पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस हीटरच जळतो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रिकामं मशीन सायट्रिक ॲसिड टाकून गरम पाण्यावर चालवलं तर हे टळतं. काका प्रत्येक घरी हे सांगतात. ऐकणारे थोडे.

पाणी जायच्या वाटेबद्दल फार लिहायला नको. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात एक झाकण असतं, त्यामागे फिल्टर. एक, दोन, पाच रुपयांची नाणी, ब्लाउजचे हुक, लहान मुलांचे मोजे, सेफ्टी पिना, सगळं तिथे सापडतं. उघडण्याआधी खाली परात ठेवावी.

विजेच्या बाबतीत मला काळजी वाटते ती अर्थिंगची. मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, असं अनेक घरांत सहज सांगतात. मशीनच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो, त्यातून किंचित करंट अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जात असतो. तार कुठे तुटली असेल तर तो पत्र्यावर राहतो. अशा वेळी मशीन बदलून काही होत नाही, भिंतीतली अर्थिंग नीट करावी लागते. उंदरानं वायर कुरतडून तांबं पत्र्याला टेकलं असेल तर मात्र झिणझिण्यांवर निभावत नाही. म्हणून तळाला जाळी हवीच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी वस्त्यांत आणि सोसायट्यांत घुसलं, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी बुडाली. अशा पाण्यात उभं राहिलेलं मशीन वरून कोरडं दिसतं म्हणून प्लग लावणं जिवावर बेतू शकतं. आधी चिखल स्वच्छ पाण्यानं धुवायचा, मोटर काढून चांगली वाळवायची, मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं, वाइंडिंग तपासायचं, मगच वीज द्यायची.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन हा तर मेकॅनिकचा जुना सोबती. दोन टब, दोन मोटरी, दोन टायमर, लपवाछपवी काही नाही. धुवायच्या बाजूची मोटर नुसती हूं-हूं करते, फिरत नाही. हातानं पंख्याला हलका झोका दिला की फिरायला लागते. असं झालं तर समजावं, कपॅसिटर अशक्त झालाय. तापकीर गल्लीत जाऊन त्याच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणायचा, शे-दीडशे रुपयांत मशीन उभं. सुकवायच्या टबाखाली पाणी गळत असेल तर बेलो, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी घडी, फाटलेली असते. झाकण उघडूनही टब थांबत नसेल तर ब्रेकची तार. ज्यांच्या घरी अजून असं मशीन आहे त्यांनी ते दिमाखानं वापरावं.

खरी कसोटी लागते फ्रंट लोडच्या बेअरिंगला. गेल्या वर्षी आमच्याच मशीनला स्पिनमध्ये विमान उडाल्यासारखा आवाज यायला लागला. काकांनी दार उघडून ड्रम हातानं फिरवला आणि कान जवळ नेला. घर्रर्र. मग ड्रमची कड धरून वर उचलून पाहिली, ती बोटभर हलली. मागच्या पत्र्यावर तपकिरी ओघळ होता. "सील आधी गेलं, मग पाणी बेअरिंगमध्ये शिरलं," ते म्हणाले. बेअरिंग हे शेवटचं दुखणं असतं, सुरुवात ऑइल सीलच्या रबरी ओठापासून होते. जास्तीच्या पावडरचा लगदा आणि क्षार त्या ओठाला खरवडत राहतात.

वजनाचा ताण किती असतो तेही एकदा मोजून पाहावं. अर्धा मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १,२०० फेरे घेतो तेव्हा त्याच्या कडेला गुरुत्वाच्या सुमारे ४०० पट ओढ असते. म्हणजे एका बाजूला एक किलो जास्त झालं तर बेअरिंगला ४०० किलोचा हिसका, तोही सेकंदाला वीस वेळा. सोलापुरी चादर एकटी टाकली की ती गोळा होऊन नेमकी हेच करते. मशीन पुन्हा पुन्हा वजन जुळवायला बघतं आणि थकून थांबतं. चादरीबरोबर दोन पंचे टाकले की वजन वाटलं जातं.

बाल्कनीत काकांनी जुनं पोतं अंथरलं. वरचा पत्रा, पावडरचा खण, दाराभोवतीच्या रबराची स्प्रिंग, पुढचं पॅनेल, हादरे सोसायला लावलेले काँक्रीटचे ठोकळे. प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या वाटीत, वाट्या आमच्याच स्वयंपाकघरातल्या. बेल्ट, मोटर, दोन शॉकअप सुटले आणि टब दोघांनी धरून बाहेर काढला. मागची पुली निघाली. दांड्यावर लाकडी ठोकळा धरून हातोड्याचे मोजके घाव घातले, ड्रम सुटला. बेअरिंगमधून गंजाचं चॉकलेटी पाणी पोत्यावर आलं. ड्रमला मागून धरून ठेवणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. पुष्कळदा तो पावडरच्या लगद्यानं आतून पोखरलेला असतो, मग नवं बेअरिंग टाकून उपयोग नाही. काकांनी तिन्ही हात खरवडून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिले. खणखणीत होते. दांड्यावरची बुशही नखानं चाचपली, ओरखडा नव्हता.

पुढचं बेअरिंग ६२०६, मागचं ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, तीस आणि पंचवीस. जगभर हाच हिशेब चालतो. म्हणून कुठल्याही कंपनीच्या मशीनला चिंचवडच्या कारखान्यातलं एसकेएफचं बेअरिंग चालू शकतं. एका आकड्यावर सगळ्या जगानं सहमती केली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण टबाच्या बाबतीत ती सहमती मोडत चालली आहे. बऱ्याच नव्या मशीनांचा प्लॅस्टिकचा टब वितळवून जोडलेला असतो. त्याला बोल्ट नाहीत, तो उघडतच नाही. हजार-दीड हजाराच्या बेअरिंगसाठी अख्खा टब-ड्रम घ्यावा लागतो, तो इतका महाग पडतो की ग्राहक नवं मशीनच घेतो. काही कारागीर करवतीनं टब कापतात, काठाला भोकं पाडून बोल्ट आणि सीलंट लावतात. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार, पण ती वेळ त्यांच्यावर येऊ नये. रांजणगावला एलजी आणि हायरचे कारखाने आहेत, पुण्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. तिकडे वेर्ण्याला, गोव्यात, आयएफबीचा. मशीन इथेच बनतं, तर ते उघडेल असं बनावं, ही मागणी इथूनच व्हायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यावर माहिती मिळणं ही सुरुवात आहे. सुट्टा भाग वाजवी किमतीत दुकानात मिळणं आणि टबाला बोल्ट असणं, ते मिळेपर्यंत हक्क कागदावरच राहील.

संध्याकाळपर्यंत टब पुन्हा बंद झाला होता. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळलेले. मागचा पत्रा लावायच्या आधी काकांनी माझ्या हातात टॉर्च दिला आणि पत्रा उलटा केला. आतल्या बाजूला मार्करनं लिहिलेलं होतं: बेल्ट, २०१७. कार्बन, २०१९. ती कुणा दुसऱ्या मेकॅनिकची अक्षरं, आम्ही कधी पाहिलीच नव्हती. काकांनी खिशातून मार्कर काढला, त्या ओळींखाली लिहिलं: ६२०६, ६२०५, सील. तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, आणि स्क्रूची वाटी मागितली.