गाळ्यातला आवाज

कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि मी ओट्यापाशी उभी होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून असा काही आवाज आला, की हातातली पळीच खाली पडली. रेडा हंबरावा किंवा मोरीचा तुंबलेला पाइप एकदम सुटावा, तसलं काहीतरी. धावत गेले तर चिरंजीव आरशासमोर उभे, एक हात पोटावर.

"काय झालं रे?"

"काही नाही गं आई. ग्राउल करतोय."

ही २०२१ सालची गोष्ट. कॉलेज मोबाइलवर, मुलगा घरात आणि शेजारच्या काकूंचा फोन लगेच, "बरं नाहीये का त्याला?" मी काय सांगणार! आमच्या बदलापूरच्या सोसायटीत पोरं क्रिकेटसाठी वेडी होतात, फार तर गिटार घेऊन जुनी हिंदी गाणी म्हणतात. आमच्याने मेटल धरलं. तेही अंडरग्राउंड, म्हणजे रेडिओवर लागत नाही, लग्नात वाजत नाही, पैसे मिळत नाहीत. हे म्हणाले, "तिन्ही गोष्टी एकत्र जमवल्यान् त्याने. हुशार आहे."

मी बी.ए. मराठी घेऊन केलंय. घशाच्या बाबतीत माझी समज एवढीच, की ओरडलं की तो बसतो. म्हणून रोज ज्येष्ठमधाची काडी त्याच्या हातात ठेवायची. त्यानेच मला समजावलं, की स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, हा आवाज त्यांच्यातून काढायचा आणि दम पोटातून लावायचा. घसा आवळून ओरडणारा महिन्याभरात डॉक्टरकडे जातो. पोवाडा म्हणणारा शाहीर रात्रभर उंच सूर लावतो तेव्हा तोही दमावरच उभा असतो की, असं मी म्हटल्यावर स्वारी खूश झाली. तरी काडी मी चालूच ठेवली.

बँडमध्ये चौघं. आमचा गायला (गायला म्हणायचं की नाही, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही), ड्रमवाला उल्हासनगर कॅम्प चारचा सिंधी मुलगा, गिटारवाला आणि बासवाला अंबरनाथचे. तालीम अंबरनाथच्या एमआयडीसीत एका गाळ्यात. बासवाल्याच्या मामांचं छोटं वर्कशॉप आहे, रविवारी बंद असतं. मी एकदा डबा घेऊन गेले. ऑइलचा वास, कोपऱ्यात लेथ मशीन आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून! अंड्यांच्या ट्रेने आवाज अडत नाही, फक्त आत घुमणं कमी होतं, हे त्यांना सगळे ट्रे लावून झाल्यावर कळलं. मग जुन्या गाद्या मागायला माझ्याकडे. बचत गटाच्या बायकांना निरोप दिला आणि आठवड्यात अकरा गाद्या जमल्या. त्यातली एक आमच्या सासूबाईंची होती.

ही पोरं म्हणजे आकाशातून पडलेली नाहीत, हे मला हळूहळू कळत गेलं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात एकेकाळी 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं, उघड्यावर, हजारो पोरं जमायची. पुढे आवाजाचे नियम आले. २००० सालच्या नियमांनी इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागले आणि रंगभवनातलं ते पर्व संपलं. त्याच २००० साली मुंबईत 'डेमॉनिक रेझरेक्शन' नावाचा बँड निघाला. तो काढणारा साहिल माखिजा. या बँडने २०१७ साली एक अख्खा अल्बम केला, त्याचं नाव 'दशावतार'! मत्स्य, कूर्म, वराह अशी एकेका अवतारावर एकेक गाणी. मी मुलाला म्हटलं, "हे तर आमच्या कोकणातल्या दशावतारी मंडळींचं काम." आणि मला खरा धक्का पुढेच बसला. हाच माखिजा यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाने स्वयंपाक शिकवतो. रात्री राक्षसासारखा गाणारा माणूस दिवसा पनीर करून दाखवतो. त्या दिवसापासून मेटलवाल्यांबद्दलची माझी भीती बरीचशी गेली. कांदा परतणारा माणूस अगदीच काही वाया गेलेला नसतो.

पैशाचं मात्र खरंच अवघड. गाण्याचा एकेक भाग वेगळा रेकॉर्ड करायचा, मग मिक्सिंग, मास्टरिंग, चित्र, मग ते स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवायचं. आणि २०२४ पासून तिथे नियम असा, की बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. यांचं पहिलं गाणं वर्षभरात चारशे बारा वेळा ऐकलं गेलं. त्यातलं वीसेक वेळा मी. एका कॉलेजच्या महोत्सवात बोलावलं, मानधन ठरलं, शेवटी हातावर वडापावची कुपनं ठेवली. फ्रान्समध्ये म्हणे कलाकाराने बारा महिन्यांत ५०७ तास काम केलं, की रिकाम्या दिवसांत सरकारी भत्ता मिळतो. हे तो जेवताना बोलला. हे म्हणाले, "मग जा फ्रान्सला." आणि ताट घेऊन उठले.

खरं सांगायचं तर त्या दोघांचं बोलणं तेव्हा एवढंच उरलं होतं. मुलगा ऐरोलीला नोकरी करतो, शिफ्ट करून शेवटच्या कर्जतने येतो, रविवारी गाळ्यात. पर्मनंट होण्यासाठी एक परीक्षा होती, ती त्याने एका कार्यक्रमापायी चुकवली. मलाही राग आला होता. मी त्याची बाजू घेते असं यांना वाटायचं आणि मी यांची बाजू घेते असं त्याला. मधल्यामध्ये पोळ्या लाटायला मी.

पैसे उभे करायला पोरांनी काळे टी-शर्ट छापायचं ठरवलं. कपडा आणि छपाई दोन्ही उल्हासनगरातच. जीन्सच्या बाजारात काय मिळत नाही! माझ्या गटातल्या बायका घरी जीन्सचे धागे कापतात, नगावर पैसे मिळतात. त्यांनाच टी-शर्टच्या घड्या आणि पिशव्यांचं काम दिलं. ठरलेल्या दराने, उधार नाही, ही माझी अट. छातीवर कवटी बघून एक मावशी थबकल्या. "ताई, हे घरात ठेवायचं?" मी काही बोलायच्या आत दुसरी म्हणाली, "शंकराच्या गळ्यात काय झेंडूची माळ असते का? रुंडमाळच की." अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायथ्याशी राहणारी बाई ती. इ.स. १०६० चं देऊळ रोज बघते, तिला कवटीचं काय भय! साठ टी-शर्ट संध्याकाळपर्यंत बांधून झाले.

मग आली २०२४ ची २६ जुलै. पॅरिसच्या ऑलिंपिकचं उद्घाटन, आमच्याकडे रात्री अकराला सुरू झालेलं. मी पेंगत होते. एकदम नदीकाठच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीच्या खिडकीत मुंडकं हातात घेतलेली राणी दिसली आणि भिंतीवर उंच उभे राहून काळे कपडेवाले गिटार बडवताहेत! लेक सोफ्यावर उभा राहून ओरडला. हे झोपेतून उठून बाहेर आले. "गोजिरा आहे बाबा, गोजिरा! फ्रान्सचा बँड!" मला आधी वाटलं 'गोजिरा' म्हणजे आपलं गोजिरवाणं. तसं काही नव्हतं. बायोनच्या बाजूच्या दोन भावांनी आणि मित्रांनी १९९६ साली सुरू केलेला बँड तो, छोट्या गावातून निघालेला. त्या रात्री अख्खं जग त्यांना बघत होतं, पुढे २०२५ साली त्याच गाण्यासाठी त्यांना ग्रॅमीही मिळालं. हे बोटांवर मोजत म्हणाले, "म्हणजे अठ्ठावीस वर्षं." आणि आत गेले. टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पण माझं लक्ष तारखेकडे गेलं. बदलापूरच्या माणसाला २६ जुलै सांगावी लागत नाही. २००५ साली आम्ही पश्चिमेला तळमजल्यावर राहायचो. हे मुंबईला ऑफिसात अडकलेले. उल्हास नदीचं पाणी आत शिरलं तेव्हा सासूबाई, चार वर्षांचा हा आणि मी वरच्या बिऱ्हाडात गेलो. धरण फुटलं, पाणी सोडलं, कोण काय सांगत होतं. वीज नाही. रात्रभर खालून एकच आवाज, ठण... ठण... आमचा रिकामा गॅस सिलेंडर पाण्यावर तरंगत भिंतीला आदळत होता. पोराने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई, खाली कोण आहे?" मी म्हटलं, "कुणी नाही, झोप." हे रुळांवरून चालत २८ तारखेला पोहोचले. चिखल काढायला लागलो, ते बोलणं राहूनच गेलं. २०१९ च्या २७ जुलैला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीच्या अलीकडे पुरात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले, तेव्हा मी मंडळाच्या बायकांबरोबर चहा घेऊन धावले. पण घरात त्या रात्रीबद्दल कुणी बोललं नाही.

ऑलिंपिकच्या त्या रात्री मी मुलाला सहज विचारलं, "तुला पूर आठवतो का रे?"

"आवाज आठवतो," तो म्हणाला.

त्यांच्या नव्या गाण्याची सुरुवात तिथून झाली. शब्द मराठीत, नाव 'पाणी'. आठ महिने घोळ चालला होता. ड्रमवाल्याला तो ठण आवाज काही केल्या मिळेना. थाळ्या वाजवल्या, लोखंडी पिंप वाजवलं. शेवटी एका रविवारी पोरं माझ्याकडे आली, "आंटी, खाली सिलेंडर है क्या?" भंगारवाल्याकडून एक जुना, वायू पार निघून गेलेला सिलेंडर मिळवला, गाळ्यात दोरीला टांगला आणि गादीत गुंडाळलेल्या लाकडाने मारला. मी दारात उभी होते. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, थोडं हळू मार, भिंत ओली होती.

गाणं २०२५ च्या २६ जुलैला, शनिवारी बाहेर आलं. त्या आठवड्यात ठाण्याला छोटा कार्यक्रम झाला, मी टी-शर्टच्या टेबलावर बसले. पन्नासएक पोरं असतील, चार-पाच मुलीही. समोर ढकलाढकली सुरू झाली तेव्हा मी पर्स घट्ट धरली. पण कुणी पडलं की आजूबाजूचे चौघे लगेच हात देऊन उभं करायचे, चष्मा सापडेपर्यंत बाकीचे थांबायचे. आपल्या सातच्या लोकलमध्ये हे होत नाही. चौदा टी-शर्ट गेले. एका मुलीने घासाघीस केली, तिला मी दहा रुपये कमी केले, पोरं त्यावरून अजून चिडवतात.

रविवारी सकाळी यांनी स्वतःहून हेडफोन मागितला. गाणं सहा मिनिटांचं. मी चहा गाळत होते, पाठ करून. ग्राउल यांना कळला नसावाच, मलाही शब्दांचा कागद समोर लागतो. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला.

"सुरुवातीला तो ठण ठण आवाज कसला आहे?"

मुलगा गप्प. मग मीच सांगितलं. सिलेंडर, अंधार, पोराचं विचारणं, सगळं. वीस वर्षांनी. हे बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या वेळी मी दिव्याच्या पुढे होतो. रुळांखालची खडी वाहून गेलेली, नुसते स्लीपर लटकत होते. पुढच्याच्या शर्टाचं टोक धरून आम्ही..."

"थांबा बाबा," मुलगा म्हणाला आणि मोबाइल टेबलावर ठेवून त्याने रेकॉर्डिंग चालू केलं. "दिव्यापासून सांगा."