मस्टरवरचं नाव की लिलावातली बोली?

पोलादपुरात कबड्डी खेळणाऱ्या पोराला विचारा, 'पुढे काय?' उत्तर ठरलेलं, 'प्रो कबड्डी!' पण खेळावर पोट भरायची वाट त्याच्याही आधीपासून आहे. मुंबईतल्या कबड्डी स्पर्धेचं बॅनर नीट वाचा. 'व्यावसायिक गट' असं लिहिलेलं दिसेल. त्यात उतरतात रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांचे संघ. म्हणजे पगार नोकरीचा आणि ओळख कबड्डीची! चढाईत दम असला की मस्टरवर नाव लागायचं. गुडघा गेला तरी नोकरी राहायची.

गंमत म्हणजे, अमेरिकेत बेसबॉलचीही सुरुवात साधारण अशीच झाली. १८६०च्या दशकात खेळाडूला पैसे द्यायला तिथल्या संघटनेची बंदी होती. मग क्लबवाले चांगल्या खेळाडूला नावापुरती नोकरी मिळवून द्यायचे, नाहीतर गुपचूप पैसे. १८६९मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज संघाने हा पडदाच काढून टाकला. सगळे खेळाडू उघड पगारी! त्या वर्षी ते एकही सामना हरले नाहीत. १८७६मध्ये नॅशनल लीग आली. पण १८७९मध्ये मालकांनी आपसात ठरवलं, प्रत्येकाने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि दुसऱ्याने त्यांना घ्यायचं नाही. पुढे हा नियम जवळपास सगळ्यांनाच लागला. पगार उघड झाला, पण क्लब बदलायची मोकळीक गेली. ती मिळायला १९७५ साल उजाडलं.

आपल्याकडे उघड बोली लागली २०१४मध्ये. प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग ठरला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३मध्ये पवन सेहरावतची बोली गेली २ कोटी ६० लाखांच्या वर. ऐकूनच डोळे फिरतात ना? पण एक गोष्ट विसरू नका. पहिल्या लिलावातला तो सगळ्यात महाग राकेश रेल्वेत नोकरीला होता. लिलाव त्याच्यासाठी वरकमाई होती, चूल नोकरीवर पेटत होती.

म्हणून दोस्तांनो, लिलावाचं स्वप्न जरूर बघा. पण राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं फाइलला लावून ठेवा, क्रीडा विभागाकडून पडताळून घ्या आणि शिक्षण सोडू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. बोली एखाद्या हंगामात लागेलही, नाही लागली तर घर कशावर चालणार, हे आजच ठरवा.