इंधनाच्या टाकीतला ऊस

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2018च्या जैवइंधन धोरणात 2030साठी होते. 2022मध्ये ते 2025-26वर ओढले गेले. तेलाची आयात घटते, कारखान्यांच्या हाती पैसा लवकर येतो. पाण्याचे काय? नीती आयोगाच्याच 2021च्या अहवालानुसार साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळवायला, शेतातले पाणी धरून, सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. आणि आपला बराच ऊस उभा आहे तो सोलापूर-मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण पट्ट्यात!

2023मध्ये पाऊस रुसला, तसे धोरणही डगमगले. डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली, आठवडाभरात ती सैल केली आणि ऑगस्ट 2024मध्ये उठवली. मधल्या काळात भार मक्यावर गेला. कुक्कुटपालकांना खाद्य महाग पडू लागले.

मक्याचे इंधन झाले की पोट भरायला दुसरीकडे जंगल-कुरणे नांगरली जातात, हे टिमोथी सर्चिंजर आणि सहकाऱ्यांनी 2008मध्येच ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले होते. त्यांच्या हिशेबाने अमेरिकी मका-इथेनॉलचे 30 वर्षांतले उत्सर्जन पेट्रोलच्या जवळपास दुप्पट भरते. या आकड्यावर पुष्कळ वाद झाले. तरी युरोपीय संघाने 2015मध्ये वाहतुकीतील अन्नपिकांच्या इंधनावर 7 टक्क्यांची मर्यादा घातलीच.