व्यालेल्या गाईच्या अंगात काय चालते?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या गोठ्यांचा चाराही बदलतो. फडात तोडणी चालू असते, वाढ्यांचे भारे बांधावर पडलेले असतात, आणि पुढचे चार-पाच महिने जनावरांपुढे सकाळ-संध्याकाळ वाढेच पडतात. फुकटात मिळणारा हिरवा चारा कोण सोडील? त्यात चूक काही नाही. पण याच दिवसांत गोठ्यातली गाय व्याली, म्हणजे दोन तऱ्हेच्या तक्रारी दर हंगामात आमच्या कानांवर येतात. पहिली अशी : "गाय चांगली धट्टीकट्टी होती, बादली भरून चीक दिला, आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना." दुसरी अशी : "महिनाभर दूध झकास होतं, मग एकाएकी आंबोण खाईना, दूध निम्म्यावर आलं, गाय नुसती वाळत चालली."

घरातली म्हातारी माणसे म्हणतात, दृष्ट लागली. कोणी लिंबू-मिरची बांधतो, कोणी अंगारा लावतो. गाय गेली तर नुकसान लहान नसते. उसाचे बिल वर्षातून एक-दोनदा हाती येते, पण दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो आणि घरचा किराणा, मुलांची फी त्यावरच चालते. म्हणून ह्या दुखण्यांच्या मुळाशी काय आहे, ते आम्ही ह्या लेखात जरा सविस्तर मांडत आहोत. मूळ आहे ते गाईच्या रक्तात आणि आपण टाकलेल्या वैरणीत.

गवतातून साखर

आपला कारखाना उसातून साखर काढतो. गाय तेच काम गवतातून करते, पण तिची रीत अगदी वेगळी आहे. माणसाने भाकरी खाल्ली की तिच्या पिठाची आतड्यात साखर होते आणि ती सरळ रक्तात जाते. गाईचे तसे नाही. तिने खाल्लेले सगळे आधी कोठीपोटात पडते. तिथे कोट्यवधी सूक्ष्म जंतू वैरणीतला काष्ठ भाग, पिष्ठ, साखर, सगळे आंबवून टाकतात आणि त्यापासून तीन प्रकारची आम्ले तयार होतात : ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाईचे खरे अन्न हीच आम्ले. त्यातले ॲसेटिक आम्ल दुधातल्या स्निग्धांशाच्या कामी येते. प्रोपिऑनिक आम्ल यकृतात जाते आणि तिथे त्याची साखर, म्हणजे ग्लुकोज, बनते.

आता थोडा हिशेब करू. एक लिटर दूध बनवायला कासेला सुमारे सत्तर ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे पंधरा लिटरची संकरित गाय रोज किलोभर साखर नुसत्या कासेत ओतते. आणि तिच्या सगळ्या रक्तात एका वेळी साखर असते ती किती? चारशे किलोच्या गाईत जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम! रक्तात साठा नाहीच. यकृताने रात्रंदिवस साखर तयार करून पुढे पाठवायची आणि कासेने ती ओढून घ्यायची, असा हा अखंड कारखाना आहे. मोळी कमी पडली की गव्हाण रिकामी राहते, तसेच चारा कमी पडला की इथेही होते.

हुकूम कोणाचा?

साखर कोणत्या अवयवाला किती द्यायची, हे ठरवणारी द्रव्ये शरीरात असतात. त्यांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. ग्रंथींतून ती थेट रक्तात उतरतात आणि अगदी अल्प प्रमाणात मोठी कामे करतात. सर्वांच्या ओळखीचे संप्रेरक म्हणजे इन्सुलिन. ते स्वादुपिंडात तयार होते. पोटभर खाल्ले की ते वाढते आणि स्नायूंना व चरबीला सांगते, "साखर आत घ्या, साठवून ठेवा." उपाशी राहिले की इन्सुलिन उतरते आणि त्याच स्वादुपिंडातले ग्लुकागॉन पुढे येऊन यकृताला सांगते, "साखर बाहेर काढा." माणूस, गाय, म्हैस, शेळी, सर्व सस्तन प्राण्यांत ही जोडी आहे.

कॅनडातल्या टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली इन्सुलिनचा शोध लावला आणि १९२२ पासून ते मधुमेही रोग्यांना टोचले जाऊ लागले. हे इन्सुलिन कत्तलखान्यातल्या गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली तीही गाईचे इन्सुलिन घेऊन, आणि त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्सुलिनच्या साखळीत एक्कावन्न दुवे असतात. माणसाच्या आणि गाईच्या इन्सुलिनमध्ये त्यांतले फक्त तीन वेगळे आहेत. १९८२ साली मानवी इन्सुलिन बाजारात येईपर्यंत जगभरचे मधुमेही जनावरांच्या इन्सुलिनवरच जगत होते. आपले आणि गाईचे शरीर आतून किती सारखे चालते, ते यावरून ध्यानात यावे.

पण गाय व्याली की तिच्या शरीरात एक मोठा बदल होतो. इन्सुलिन खाली येते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक जास्त सुटू लागते. स्नायू आणि चरबी इन्सुलिनचे फारसे ऐकेनासे होतात, साखर घ्यायची थांबतात. कासेला मात्र साखर ओढून घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. परिणाम असा, की रक्तातली साखर सगळी कासेकडे वळते. डेल बाउमन आणि ब्रूस करी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८० साली ही गोष्ट नीट मांडली. व्यालेल्या मादीचे शरीर स्वतःचा तोल थोडा बाजूला ठेवून पिलाच्या दुधाला पहिला मान देते, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ. आईने आपल्या ताटातला घास लेकराला द्यावा, तसलेच हे. वासरापुरते दोन-तीन लिटर दूध असेल तर हे निभते. आपण मात्र पैदाशीने तिला पंधरा-वीस लिटरवर नेले आहे. तेव्हा तिचे ताट भरणे ही आपली जबाबदारी झाली.

गोड वास येतो तेव्हा

अडचण अशी, की दूध आणि भूक बरोबरीने वाढत नाहीत. दूध पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिगेला पोहोचते, पण भूक पूर्ण खुलायला दहा-बारा आठवडे लागतात. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. थोडी चरबी उतरली तर बिघडत नाही. पण ती फार वेगाने यकृतात येऊ लागली आणि यकृताजवळ पुरेशी साखर नसली, तर चरबी पूर्ण जळत नाही. तिचे किटोन नावाचे पदार्थ बनतात आणि रक्तात साचतात. यालाच कितनबाधा किंवा किटोसिस म्हणतात. इन्सुलिनअभावी मधुमेही माणसाच्या श्वासाला जो गोडसर वास येतो, तोच वास अशा गाईच्या तोंडाला व दुधाला येतो.

खुणा सांगतो. गाय आधी आंबोण नाकारते, मग मुरघास, आणि शेवटी नुसता कडबा चघळीत राहते. शेण घट्ट पडते. पाठ आणि मांड्या झपाट्याने उतरतात. क्वचित गाय वेड्यासारखी दावण चाटते, धडपडते. पण पुष्कळदा काहीच दिसत नाही. दूध लिटर-दोन लिटरने कमी आणि गाय वेळेवर माजावर येत नाही, एवढेच. दूध किंवा लघवी तपासून डॉक्टर पाच मिनिटांत सांगू शकतात. रोथेराच्या चाचणीत किटोन असले की जांभळा रंग येतो.

येथे दोन समजुतींविषयी बोलले पाहिजे. पहिली, "विण्याआधी गाय जितकी गुबगुबीत तितकी चांगली." उलट आहे. फार चरबी धरलेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि तिलाच कितनबाधा जास्त होते. दुसरी, "साखर कमी आहे ना, मग गूळ चारा." गूळ किंवा मळी कोठीपोटात पडली की जंतू तिला तिथेच आंबवतात, ती साखर म्हणून रक्तात पोहोचतच नाही. थोड्या गुळाने चव येते, पण पाच-पाच किलो गूळ-बाजरी एकदम घातली तर पोटात आम्लता होऊन गाय दगावूही शकते. म्हणूनच डॉक्टर ग्लुकोज शिरेतून देतात, आणि तोंडावाटे द्यायचे झाल्यास प्रोपिलीन ग्लायकॉल देतात. यकृत त्याची साखर करते.

ताप नसलेला दुग्धज्वर

बसलेल्या गाईची गोष्ट वेगळी. तिथे तूट साखरेची नसून कॅल्शियमची असते. चिकात लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. गाईच्या सगळ्या रक्तात ते असते दोन-तीन ग्रॅम. म्हणजे दहा लिटर चीक काढला की रक्तातल्या कॅल्शियमच्या कितीतरी पट कॅल्शियम एका दिवसात बाहेर गेले. ते भरून काढण्याचे काम गळ्यातल्या परावटू ग्रंथीच्या संप्रेरकाचे. ते हाडांतून कॅल्शियम सोडवते आणि मूत्रपिंडात ड जीवनसत्त्व जागे करून आतड्यातून अधिक शोषून घेते. पण ही यंत्रणा पुरती जागी व्हायला दिवस-दोन दिवस लागतात. तेवढ्या अवधीत गाय थरथरते, कान थंड पडतात, ती बसते आणि मान कुशीकडे वळवून पडून राहते. नाव दुग्धज्वर, पण अंग गरम न होता गार पडते. तिसऱ्या वेतापासून पुढच्या, भरपूर दुधाच्या गाईंत हे जास्त.

डेन्मार्कमधल्या कोल्डिंगचे पशुवैद्य श्मिट यांनी १८९७ साली कासेत औषधी द्रावण भरून अशा गाई उठवून दाखवल्या. पुढे नुसती हवा भरूनही त्या उठतात असे दिसले. कास फुगली की दूध उतरायचे थांबते आणि कॅल्शियमची गळती थांबते, हे त्यामागचे इंगित. १९२५ साली ड्रायर व ग्रीग यांनी परावटू ग्रंथी आणि कॅल्शियमचा संबंध मांडला, आणि त्यानंतर कॅल्शियमचे इंजेक्शन रूढ झाले. आता हवा भरण्याचा उद्योग कोणी करू नये, सडांवाटे जंतू आत जातात. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की अर्धमेली गाय तासाभरात उठून उभी राहते. मात्र ते घाईने गेले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून हे काम घरी करायचे नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. विण्याआधीचे तीन आठवडे कॅल्शियमच्या बाटल्या पाजणे किंवा भाराने लसूणघास घालणे हिताचे नाही. रक्तात आयते कॅल्शियम येत राहिले की परावटू ग्रंथी सुस्तावते, आणि व्याल्यावर ऐन गरजेला उठत नाही. कॅल्शियम द्यायचे ते व्याल्यावर.

वाढ्यांचा प्रश्न

वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातले कॅल्शियम धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. शिवाय वाढ्यांत प्रथिने आणि फॉस्फरसही कमी. चार महिने फक्त वाढे खाणारी गाय पोट भरलेले असूनही आतून उपाशी राहते. तिच्या यकृताला साखरेचा कच्चा माल अपुरा आणि हाडांतला साठा हळूहळू रिता. मग व्याल्यावर तिने बसू नये, तर काय करावे?

वाढे टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पुढील गोष्टी सांभाळा :

१) वाढे कुट्टी करून द्या आणि त्यात कडबा, कडवळ किंवा मुरघास मिसळा. दुभत्या गाईला थोडा लसूणघासही द्या. चारा एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत बदला, म्हणजे कोठीपोटातल्या जंतूंना सवय होते.

२) दुभत्या गाईच्या वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा. खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम आणि मीठ चुकवू नका.

३) विण्याआधी दोन महिने गाय आटवा. ह्या काळात ती वाळू देऊ नका आणि फार माजू देऊ नका. बरगडीवरून हात फिरवला तर बरगडी हाताला लागावी, डोळ्यांना फार दिसू नये.

४) शेवटच्या तीन आठवड्यांत आंबोण हळूहळू वाढवत नेऊन दोन-अडीच किलोवर आणा. जास्तीचे कॅल्शियम बंद ठेवा.

५) व्याल्यावर अंगासाठी दीड-दोन किलो आंबोण, आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो जास्त. म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. वाढ टप्प्याटप्प्याने करा. एका वेळी सगळे न घालता दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या.

६) बसलेल्या गाईला तोंडाने काहीही पाजू नका. तिला गिळता येत नाही, औषध फुप्फुसात जाते. तिला छातीवर टेकवून बसवा, आडवी पडू देऊ नका, आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.

बहुतेक घरांत गोठा बायका पाहतात. गाईने आंबोण कधी सोडले, कान कधी गार पडले, हे त्यांनाच आधी कळते. तेव्हा हा लेख घरी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि "गाय आज बरी दिसत नाही" असे घरातून कोणी म्हटले तर "उद्या बघू" म्हणू नये. दुग्धज्वरात एका रात्रीचा उशीरसुद्धा गाय घेऊन जातो.

गाय आपल्याकडून हुकूम घेत नाही, ती तिच्या संप्रेरकांचा हुकूम पाळते आणि स्वतःचे अंग झिजवून दूध देते. तो हुकूम बदलणे आपल्या हाती नाही. तिच्या दावणीत काय पडावे, एवढे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.