पाखराचा फुगा, विंचवाचा फुगा

आज आम्ही चित्रांच्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, आणि रेडिओवर चित्र काही दाखवता येत नाही. तेव्हा असं करा, भाजी निवडत असाल तर निवडत राहा, फक्त आम्ही सांगू ते डोळ्यांपुढे आणत चला.

एक दहा वर्षांचा मुलगा आहे. त्याला तहान लागली आहे आणि पाणी कोणी देत नाही. चित्र काढणाऱ्यांनी त्या मुलाचं अंगच मासा करून टाकलं आहे. पाण्याबाहेर काढलेला मासा. खाली कोणी ‘त्याला फार तहान लागली होती’ असं लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

हा मुलगा म्हणजे भीमराव आणि पुस्तकाचं नाव ‘भीमायन’. ‘नवयान’ या प्रकाशनानं ते 2011 मध्ये काढलं. गोष्ट लिहिली श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी, चित्रं काढली दुर्गाबाई व्याम आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी. पुस्तक मूळ इंग्रजीत आहे, हिंदीतही आलं आहे. आम्हाला ते मिळालं फार उशिरा. आमच्यातल्या एकीची मुलगी कॉलेजात आहे, तिनं कोणाकडून तरी आणलं आणि तीन दुपारी बसून मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं.

आता तुम्ही म्हणाल, चित्रांची पुस्तकं तर लेकरांची. आम्हालाही तसंच वाटायचं. आपण ‘चांदोबा’ वाचला, मुलांना ‘अमर चित्र कथा’ आणून दिली, पेपरात सकाळी ‘चिंटू’ पाहिला. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी काढलेली अख्खी चित्रकादंबरी असते हे मात्र आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. असं पुस्तक बहुतेक एखाद्या छोट्या प्रकाशनाकडून येतं. त्यात राक्षस मारणारा वीर असेलच असं नाही. धरण असतं, भाड्याची खोली असते, पाण्याचा माठ असतो. ओरिजित सेन यांनी नर्मदेच्या धरणावर 1994 मध्येच असं पुस्तक काढलं होतं. आपल्या देशातली पहिली चित्रकादंबरी म्हणून बरेच जण त्याचंच नाव घेतात.

‘भीमायन’मधले प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींतले आहेत. पहिला 1901 सालचा. साताऱ्याहून भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांना भेटायला आगगाडीनं निघाली. मसूर स्टेशनावर उतरली तर घ्यायला कोणी आलेलं नाही. अंगावर नवे कपडे, म्हणून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळली आणि चेहरा फिरला. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊनही गाडी हाकेना, पोरांनीच हाकली. शिदोरी सोबत होती, पण पाणी नाही म्हणून घास उतरेना. रात्र तशीच काढली. दुसरा प्रसंग 1917 चा, बडोद्याचा. परदेशात शिकून आलेल्या माणसाला राहायला खोली मिळत नाही. एका पारशी खानावळीत कसंबसं राहायला मिळतं, तिथूनही काठ्या घेऊन आलेले लोक बाहेर काढतात आणि ते बागेत जाऊन बसतात. पुढे 1929 चं चाळीसगाव आहे, टांगेवाले बसवून घेत नाहीत ते. या गोष्टी आपल्यापैकी पुष्कळजणींनी भाषणांत ऐकल्या असतील. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगाच्या रांगा लागतात, तिथेही वाचल्या असतील. तरी आम्ही तिन्ही दुपारी गप्प होतो.

कारण चित्रं. दुर्गाबाई मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या परधान गोंड समाजातल्या. आपल्या नागपुराहून सिवनी ओलांडलं की पुढे तोच सातपुड्याचा मुलूख. आणि नागपूर वसवलंही गोंड राजानंच, तेव्हा त्या काही फार परक्या नाहीत. त्यांना शाळेत जायला मिळालं नाही. सहा वर्षांच्या असल्यापासून त्या घरातल्या बायांकडून दिगणा शिकल्या. दिगणा म्हणजे लग्नात, सणावाराला भिंतीवर नि जमिनीवर काढायची नक्षी. आपण सडा टाकून रांगोळी घालतो ना, तसंच काहीसं समजा. पुढे भोपाळला आल्यावर त्या कागदावर काढू लागल्या. 2022 साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

आता गंमत पाहा. चित्रकथेत सहसा पान चौकोनांत कापलेलं असतं, एका चौकोनात एक प्रसंग. व्याम पतिपत्नींनी सांगितलं की आम्ही माणसांना खोक्यात कोंबणार नाही, त्यात ती गुदमरतात. त्यांनी पानावर चौकोनांच्या जागी दिगण्याच्या वळत्या रेषा घातल्या. गोष्ट त्या रेषांच्या आतबाहेर खेळती राहते. बाबासाहेब सभेत बोलतात तेव्हा भोंग्यांतून लोकांवर पाण्याची फवार पडते. माणसाला पाणी नाकारलं, इथून पुस्तक सुरू होतं, म्हणून ती फवार पाहिली की अंगावर काटा येतो.

आणि ते फुगे. चित्रातलं माणूस बोलतं ते ज्या गोल फुग्यात लिहितात, तो तुम्ही पाहिलेला आहे. इथे फुगे तीन प्रकारचे. ज्याचं बोलणं मायेचं, त्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. ज्याचं बोलणं डंख मारणारं, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या मनातल्या विचाराचा फुगा वेगळा, त्याच्यावर मनाचा डोळा काढलेला. अक्षर न येणाऱ्या बाईलाही पान उघडलं की कळतं, कोण चावतो आहे ते. आमच्यातल्या दोघी वाचू शकत नाहीत. त्यांनीच सर्वांत आधी ओळखलं.

बडोद्याचा भाग झाला त्या दिवशीची गोष्ट सांगायला हवी. आमच्यातली एक जण दवाखान्यात रात्रपाळी करते. ती म्हणाली, हे माझ्यासोबतही झालं, मागच्याच वर्षी, इथेच शहरात. तिला कामाच्या जवळ खोली हवी होती. घरमालकीण बाई चांगली होती. बस म्हणाली, पाणी दिलं, पगार विचारला, मुलं किती ते विचारलं. मग विचारलं, ‘आडनाव काय म्हणालीस?’ हिनं सांगितलं. बाई म्हणाली, ‘अगं, मी विसरलेच, खोली तर कालच दिली.’ आठ दिवसांनी ही त्याच रस्त्यानं गेली तर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी फाटकावर तशीच होती. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

तेव्हा आम्ही ठरवलं की याची आपणच चित्रकथा करायची. याची एक सोपी रीत आहे. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’नं ती देशभर गावोगावी शिकवली. चित्रकार लागत नाही. साधे दोन कोरे कागद, झेरॉक्सला वापरतात ते, जोडून एक मोठा करायचा. त्यावर चार चौकोन. (दुर्गाबाईंना चौकोन आवडत नाहीत, पण आपण शिकाऊ, आपल्याला चालतील.) आधी गोष्ट तोंडी सांगायची, मग तिचे चार तुकडे. पहिल्यात माणूस आणि जागा कळली पाहिजे, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात वळण, चौथ्यात शेवट. चारात मावत नसेल तर गोष्ट दोन आहेत असं समजायचं.

एक चूक सगळ्याच करतात. आधी चित्र भरून काढतात आणि मग बोलणं लिहायला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनात आधी बोलणं लिहा, त्याभोवती फुगा काढा, उरलेल्या जागेत माणसं. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे आणि वर. माणसं काडीची काढली तरी चालतात, फक्त तीच बाई चारही चौकोनांत ओळखू आली पाहिजे. तिला एक खूण द्या, खांद्यावरची पिशवी, अंबाडा, काहीही. पेन्सिलीनं काढून झालं की काळ्या पेनानं गिरवा, कारण निळं आणि फिकट झेरॉक्समध्ये नीट उठत नाही. रंग नकोत. काळ्या-पांढऱ्याला पैसे कमी पडतात आणि दहा प्रती दहा भिंतींवर लावता येतात.

आमचं काम फुग्यावर अडलं. घरमालकीण गोड बोलली होती. मग तिला पाखराचा फुगा द्यायचा की विंचवाचा? यावर आमच्यात चांगलंच वाजलं. एक म्हणाली, विंचूच, त्यात विचारायचं काय. दुसरी म्हणाली, पाणी तर दिलं ना बाईनं, ते खोटं कसं काढायचं? शेवटी जिची गोष्ट होती तिनंच पेन्सिल घेतली आणि पाखरू काढलं, चोचीबिचीसकट, आणि त्याला मागून नांगी जोडली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

दुसरा वाद शेवटाचा. आमचं म्हणणं होतं की चौथ्या चौकोनात तिनं त्या बाईला खडसावताना दाखवावं, बघणाऱ्याला बळ मिळेल. ती ऐकेना. म्हणाली, तसं झालंच नव्हतं, मी गुपचूप घरी आले. तिच्या चौथ्या चौकोनात नुसतं फाटक आहे आणि पाटी आहे. माणूस नाही, फुगा नाही. आम्हाला आधी ते अपुरं वाटलं. आता वाटत नाही. घराचा पत्ता, गल्ली, नाव यांतलं काहीही मात्र आम्ही घातलं नाही, आणि तुम्हीही घालू नका. भांडण एका बाईशी नाही. शिवाय आपली मैत्रीण अजून इथेच खोली शोधते आहे.

असंच आणखी पाहायचं असेल तर ‘ड्रॉइंग द लाइन’ हे 2015 सालचं ‘झुबान’चं पुस्तक शोधा. दिल्लीतल्या 2012 च्या घटनेनंतर चौदा तरुण मुलींनी एकत्र बसून काढलेल्या चित्रकथा त्यात आहेत. लग्नासाठी फोटो काढायला लावलेली पोर आहे, गोरेपणाचा ध्यास आहे, रस्त्यावरची छेड आहे. काही कथांची चित्रं फार सफाईदार आहेत, ती पाहून घाबरू नका. जोतिबांच्या ‘गुलामगिरी’वरूनही श्रीविद्या नटराजन यांनीच एक केलं आहे, चित्रं अपराजिता निनान यांची. ही पुस्तकं स्वस्त नाहीत आणि ही दोन्ही इंग्रजीत आहेत. म्हणून एकटीनं विकत घेण्यापेक्षा वाचनालयात मागणी लिहून द्या. एकीनं मागितलं तर विसरतात, दहाजणींनी लिहून दिलं तर आणावं लागतं. मराठीत का नाही, हेही त्याच कागदावर विचारा.

आमची पहिली चित्रकथा नळाजवळच्या भिंतीवर लावली आहे. पावसाचा भरवसा नाही म्हणून वरून प्लास्टिक चिकटवलं आहे. पाणी भरायला येणाऱ्या बाया थांबतात, पहिल्या चौकोनाला हसतात, कारण माणसं खरंच काडीची आहेत, आणि चौथ्यापाशी जरा जास्त वेळ उभ्या राहतात. परवा एक आजी विचारत होत्या, या पाखराला शेपटी अशी का? आम्ही सांगणार तेवढ्यात त्यांच्या नातीनंच सांगितलं.

पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही पुन्हा बसणार आहोत. यायचं असेल तर पेन्सिल आणि एक गोष्ट घेऊन या. कागद नि खोडरबर आमच्याकडे आहेत.