पेशींचे अंतरंग : लेखांक नववा — क्रक आणि त्याचे सोबती

गेल्या लेखांकात टायरोसीन कायनेज या प्रथिनांचा परिचय झाला. दुसऱ्या एखाद्या प्रथिनातील टायरोसीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडून देणे एवढेच त्यांचे काम. परंतु त्या इवल्याशा जोडणीने पेशीच्या वाढीचे, विभाजनाचे आणि स्थलांतराचे हुकूम सुटतात, आणि ती जोडणी अनावर झाली की पेशी कर्करोगाच्या वाटेला लागते, हे आपण पाहिले. तेथे एक प्रश्न मी मुद्दामच तहकूब ठेवला होता. फॉस्फेट जोडले गेले, हे खरे. पण ते जोडले गेल्याची वार्ता पेशीच्या अंतर्भागात कोणाला लागते आणि ती पुढे कोण नेतो?

या प्रश्नाचे उत्तर ज्या शोधांतून मिळाले त्यांचा आरंभ कोंबड्यांच्या अर्बुदांपासून होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीतील अर्बुद विषाणूमुळे होते असे दाखविले, आणि त्या शोधाचे नोबेल पारितोषिक त्यांना १९६६ साली, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, मिळाले. त्याच संस्थेत पुढे हिदेसाबुरो हानाफुसा यांच्या प्रयोगशाळेत ब्रूस मेयर आणि मिचिनारी हामागुची हे संशोधक सी.टी.१० नावाच्या अशाच एका कुक्कुटविषाणूची तपासणी करीत होते. या विषाणूने ग्रासलेल्या पेशींत टायरोसीनवर फॉस्फेट असलेली प्रथिने विपुल वाढलेली दिसत. तेव्हा विषाणूतील कर्करोगकारी जनुक हे एखाद्या कायनेजचेच असणार, अशी अटकळ कोणीही बांधली असती. प्रत्यक्षात १९८८ साली त्या जनुकाचा मजकूर वाचून झाला, तेव्हा त्यात कायनेजचा मागमूसही नव्हता. किंबहुना ज्याच्या योगाने कोणतीही रासायनिक क्रिया घडावी असा एकही भाग त्या प्रथिनात सापडेना. या प्रथिनाला क्रक हे नाव मिळाले.

माझ्या मते कर्करोगाच्या आधुनिक अभ्यासातील अत्यंत विचारप्रवर्तक क्षणांपैकी हा एक आहे. कर्करोग घडविणारे प्रथिन काहीतरी करीत असले पाहिजे, कापत असेल, जोडत असेल, जाळत असेल, हे सर्वांचे गृहीत होते. आणि येथे तर स्वतः काहीच न करणारे प्रथिन निरोगी पेशीला अर्बुदाकडे नेत होते.

उलगडा होण्यास मदत झाली ती कॅनडातील टोनी पॉसन यांच्या शोधाची. त्यांच्या गटाने १९८६ साली असे दाखविले होते की, अनेक कायनेजांच्या ठायी क्रिया घडविणाऱ्या भागाखेरीज सुमारे शंभर अमिनो आम्लांचा एक स्वतंत्र खंड असतो. त्याला त्यांनी एस.एच.२ असे नाव दिले. फॉस्फेट धारण केलेला टायरोसीन आणि त्याच्या शेजारची दोन-चार अमिनो आम्ले ओळखून त्यांना घट्ट धरणे हा या खंडाचा धर्म. फॉस्फेट नसेल तर तो त्या जागेकडे ढुंकूनही पाहत नाही. एस.एच.३ हा त्याहून लहान खंड प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेल्या पट्ट्यांना धरतो. विषाणूतील क्रकमध्ये या दोन खंडांपलीकडे फारसे काहीच नाही. दरबारात ज्याच्यापाशी ना शिक्का असतो ना तलवार, परंतु कोणाची गाठ कोणाशी घालून द्यावी हे ज्याच्या हाती असते, अशा मुतालिकाची योग्यता या प्रथिनाची आहे, आणि अशा प्रथिनांनाच अनुयोजक प्रथिने म्हणतात.

ग्रब२ हे अशा प्रथिनांपैकी सर्वांत परिचित. त्यात अवघी २१७ अमिनो आम्ले. मध्यभागी एक एस.एच.२ आणि दोन्ही बाजूंस एकेक एस.एच.३. वाढीचा संदेश बाहेरून येऊन पेशीपटलावरील ग्राहक-प्रथिनाच्या टायरोसीनवर फॉस्फेट बसले, की ग्रब२ मधल्या खंडाने त्याला धरते, आणि दोन्ही टोकांनी धरून ठेवलेले सॉस हे प्रथिन आपसूक पेशीपटलापाशी येऊन पोहोचते. रास नावाचा प्रसिद्ध कर्करोग-संबद्ध रेणू त्याच पटलाच्या आतल्या बाजूस जखडलेला असतो; सॉस जवळ आले की ते त्याला जागे करते. येथे मुख्य गोष्ट ही की सॉसची जागा बदलली, आणि जागा बदलल्याबरोबर त्याचा अंमल सुरू झाला. विशेष म्हणजे कृमीच्या आणि फळमाशीच्या जनुकांचा अभ्यास करणारे संशोधक निराळ्याच वाटांनी ग्रब२च्याच भावंडांपर्यंत येऊन ठेपले होते. त्यावरून ही व्यवस्था किती प्राचीन आहे याची खात्री पटते.

मग क्रक बिघडते कसे? आपल्या निरोगी पेशींतील क्रकला शेपटाकडे २२१ या क्रमांकाचा एक टायरोसीन असतो. एबल नावाचे कायनेज त्यावर फॉस्फेट बसविते, आणि मग क्रकचा एस.एच.२ खंड स्वतःच्याच त्या टायरोसीनला धरून बसतो. दुसऱ्याला धरण्यास तो मोकळा राहत नाही, आणि संदेश थांबतो. विषाणूने पेशीतून हे जनुक पळविले तेव्हा हा शेपटाकडील भाग गळून गेला. म्हणजे गाठी घालून देण्याचा अधिकार शाबूत राहिला आणि त्यावरचा बंदोबस्त तेवढा नाहीसा झाला. शिवाय क्रक एका बाजूस कायनेजला व दुसऱ्या बाजूस त्याच्या भक्ष्य-प्रथिनाला धरून दोघांना एकत्र आणते. म्हणूनच पेशीत फॉस्फेटयुक्त टायरोसीनांची रेलचेल होते, आणि १९८८ सालचे कोडे सुटते.

मानवी रोगाचा प्रश्न येतो तेव्हा दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्करोगाचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते. फिलाडेल्फिया गुणसूत्राची नोंद १९६० साली झाली, ते ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून निर्माण होते हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखविले, आणि त्या अदलाबदलीतून जन्मणारे बीसीआर-एबल हे सदैव जागे असणारे कायनेज होय. त्याच्या अंगावरील १७७ क्रमांकाच्या टायरोसीनवर ग्रब२ येऊन बसते. हा एकच टायरोसीन बदलला तर, कायनेज पूर्ववत समर्थ असूनही, उंदरांत तो विशिष्ट रक्तकर्करोग उत्पन्न होत नाही. या एका प्रयोगाचे वजन मला फार मोठे वाटते.

या रोगात क्रकचे जवळचे भावंड, क्रक-एल, ठळकपणे फॉस्फेटयुक्त झालेले आढळते. बीसीआर-एबलला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली मान्यता पावले. त्याचा परिणाम रुग्णाच्या पेशींत कितपत झाला हे पाहण्यासाठी संशोधकांनी क्रक-एलवरील फॉस्फेटचीच मोजणी केली. ते घटले, म्हणजे औषध पेशीत पोहोचले व लागू पडले.

या अनुयोजकांनाच औषधाने अडवावे असा विचार साहजिकच पुढे आला. अडचण अशी की, एस.एच.२ खंडात शिरून बसेल असा रेणू फॉस्फेटसारखा, म्हणजे तीव्र ऋणभारित, करावा लागतो, आणि असे रेणू पेशीपटल सहजी ओलांडीत नाहीत. शिवाय मानवी शरीरात या खंडाच्या शंभराहून अधिक आवृत्ती असल्याने एकालाच गाठणे दुष्कर. ग्रब२ पूर्णतः काढून टाकलेले उंदीर गर्भावस्थेतच दगावतात, हेही येथे विसरून चालत नाही. मात्र त्याचे प्रमाण केवळ निम्मे ठेवलेल्या उंदरांत, विषाणूच्या एका कर्करोगकारी जनुकामुळे होणारी स्तनाची अर्बुदे उशिराने उद्भवली. औषधशोधकांची आशा आज या फरकावरच आहे.

सॉसने जागा केलेला रास नक्की काय करतो, आणि तो एकदा जागा झाल्यावर झोपी का जात नाही, हा पुढील लेखांकाचा विषय.