आजींना बीएडची अट लावायची का?

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "व्हॅलिडिटीची व्याख्या पाठ आहे, पण प्रपोजलमध्ये ती वापरायची कशी?" व्याख्या तशी सोपी आहे: जे मोजायचं ठरवलं, तेच आपलं साधन मोजतंय का? ते कळायला एक खरं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सरकारी शाळेत आदिवासी भाषा शिकवायचं लायसन्स कसं मिळतं, ते बघू.

प्रश्न कुठून आला?

ओरेगनमध्ये वॉर्म स्प्रिंग्ज नावाचा आदिवासी संघ आहे. या एकाच संघाच्या तीन भाषा आहेत: इचिश्कीन, किक्श्ट आणि नुमू. याच राज्यात १८८० मध्ये आदिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. त्या काळातल्या अशा शाळांमध्ये घरची भाषा बोललं की शिक्षा व्हायची. मार खाल्लेल्या मुलांनी मोठेपणी आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, तर त्यांना दोष कसा देणार? भाषा मग आजी-आजोबांपाशीच उरली.

पुढे शाळांमध्ये या भाषा शिकवायचं ठरलं तेव्हा गाडी अडली ती शिक्षकापाशी. सरकारी शाळेत शिकवायला लायसन्स लागतं आणि लायसन्सला पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण. ज्यांना भाषा येते त्यांच्याकडे पदवी नाही, ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांना भाषा येत नाही. वेन आकृती काढलीत, तर दोन वर्तुळं जेमतेम एकमेकांना टेकतील.

कायद्याने काय बदललं?

१९९० च्या केंद्रीय कायद्याने दिशा दिली. प्रमाणपत्राच्या अटीमुळे लायक भाषा-शिक्षक नेमता येत नसेल, तर केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत त्या अटीला अपवाद करावा आणि राज्यांनाही तसं करायला प्रोत्साहन द्यावं, असं धोरण ठरलं. ओरेगनने २००१ मध्ये स्वतंत्र लायसन्स आणलं. वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये आपापले कायदे केले.

ओरेगनच्या पद्धतीत कामाची वाटणी आहे. भाषेची लेखी आणि तोंडी परीक्षा जमात स्वतः तयार करते. कोणती बोली धरायची, लिपी प्रमाणित करायची की नाही, वर्गात शिकवणं कसं तपासायचं, हेही जमातच ठरवते. लायसन्स राज्य देतं, पण त्यासाठी ठरावीक पदवीची किंवा बीएडसारख्या कोर्सची अट घालू शकत नाही. मर्यादा एवढीच, की दुसरं लायसन्स नसेल तर या शिक्षकाने फक्त ती भाषा शिकवायची, गणित-विज्ञान नाही.

यात व्हॅलिडिटी कुठे आली?

पदवी म्हणजे 'चांगला शिक्षक' या गोष्टीचं अप्रत्यक्ष मोजमाप. इंग्रजीच्या शिक्षकासाठी ते बऱ्यापैकी चालतं, कारण इंग्रजी विद्यापीठात शिकता येते. किक्श्ट येते की नाही, हे मात्र पदवीवरून कळत नाही. साधन तेच, पण संदर्भ बदलला की त्याची वैधता जाते. त्यामुळे 'अट शिथिल केली' हे वर्णन मला पटत नाही. अट बदलली, आणि मोजायची गोष्ट थेट मोजायला सुरुवात झाली. लॅबमध्ये आपण थर्मामीटर कॅलिब्रेट करतो ते एखाद्या संदर्भ-मानकाशी ताडून. इथे ते मानक जमातीतल्या वडीलधाऱ्यांकडे आहे, म्हणून परीक्षकही तेच.

पण सगळं सुटलं का?

नाही, आणि संशोधनाचे प्रश्न इथेच आहेत. एक, भाषा येणं आणि पंचवीस मुलांचा वर्ग सांभाळून ती शिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दोन, समाज छोटा असला की परीक्षक हा उमेदवाराचा मामा किंवा आत्या असू शकतो. मग गुणांची विश्वासार्हता कशी तपासणार? तीन, सगळ्यात अवघड. किक्श्ट अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या मानल्या गेलेल्या आजी २०१२ मध्ये वारल्या. कायदा येऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. आता नव्या शिक्षकाची परीक्षा घ्यायची, तर मानक कुठून आणायचं? जुनी रेकॉर्डिंग्ज आणि त्या पिढीकडून शिकलेली माणसं, एवढंच हाताशी उरतं. एखादी अट चुकीची आहे हे कळायला उशीर झाला, तर मोजायची गोष्टच हातातून निसटू शकते.

तुमच्या प्रपोजलसाठी

"प्रमाणपत्रामुळे भाषा टिकते का?" हा प्रश्न पीएचडीला फार मोठा आहे. त्यापेक्षा "जमातीचे परीक्षक प्रवाहीपणा ठरवताना नेमकं काय ऐकतात?" असं विचारा. त्यावर मुलाखती, निरीक्षण, दोन परीक्षकांच्या गुणांची तुलना, सगळं करता येतं. अनेक जमातींची स्वतःची संशोधन-परवानगी समिती असते. विद्यापीठाची एथिक्स मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं, असं समजू नका.

आणि अमेरिकेला जायलाच हवं असंही नाही. मेळघाटात कोरकू आहे, गडचिरोलीत गोंडी आहे. तिथल्या वर्गात भाषा शिकवण्याची लायकी कोणी आणि कशावरून ठरवायची, हा प्रश्न तुमच्या सिनॉप्सिसमध्ये सहज बसेल. फक्त पहिली भेट ग्रंथालयाऐवजी एखाद्या आजीच्या ओसरीवर होऊ द्या.